ढवळ्याचे ब्रेक

"कालपर्यंत तं चांगली होती, मिस्त्री!"

गाडी बिघडली की माणूस मला फोन करतो आणि पहिलं वाक्य हेच म्हणतो. सगळी उमर डिझेल गाड्यांखाली उताणं पडून गेली, पण "महिनाभरापासून कुरकुर करत होती, मीच लक्ष दिलं नाही," असं सांगणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे. जुनी गाडी अचानक कधीच बिघडत नाही. ती आधी आवाज करते, मग वास सोडते, मग धूर काढते. मालक तोवर गाण्याचा आवाज वाढवून बसलेला असतो.

सेलूला रस्त्याच्या कडेला माझी टिनाची शेड होती. जीप, पिकअप, ट्रॅक्टर, डिझेल पिणारं जे जे या भागात फिरलं ते बहुतेक कधी ना कधी माझ्या शेडीत येऊन गेलं. पुढं गुडघ्यांनी संप केला, खड्ड्यात उतरणं बंद झालं, तेव्हा शेड मोडली. आता स्कूटरच्या डिकीत पाने-पेचकस घालून मी लोकांच्या अंगणात जाऊन काम करतो. घरी गेलं की गाडीबरोबर गाडीवाल्याची माणसंही कळतात. चहाही शेडीतल्यापेक्षा बरा मिळतो.

एकेक नमुने भेटतात. तळेगावकडचा एक संत्र्याच्या बागेवाला होता. त्याच्या पिकअपचा सायलेन्सर फुटून असा आवाज करायचा की पाराजवळची कुत्री उठून पळत. मी म्हटलं, बदलून टाकू. तर तो हात धरून म्हणाला, "काईबी बदला मिस्त्री, पन हे नोको. आवाज आयकून घरी बायको चहा ठेवते. आवाज गेला तं चहा कोन ठेवन?" मी सायलेन्सर तसाच ठेवला. त्याच्या घरचा चहा पिऊन पाहिला तेव्हा वाटलं की बरं केलं.

ज्यांचा डिझेल इंजिनाशी संबंध फक्त पुढच्या गाडीच्या धुरापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगून टाकतो. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडून इंधन पेटतं. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते. तिथं हवा इतकी दाबतात की ती तापून लाल होते म्हणा ना, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपसूक पेटतो. सगळा खेळ दाबाचा. म्हणून डिझेलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला तरी जुनं इंजिन खोकतं आणि बंद पडतं. मग फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबत राहायचं, नट थोडा ढिला करायचा, आणि फसफस थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत धीर धरायचा. याला आम्ही 'एअर काढणं' म्हणतो. घाई करणाऱ्याची एअर कधी निघत नाही.

आता ज्या गाडीबद्दल सांगायचं ठरवून लिहायला बसलो, तिच्याकडं येतो.

केळझरच्या अलीकडं एका गावात गुलाबराव म्हणून वयस्क शेतकरी राहतात. त्यांचा थोरला मुलगा सुनील याने जुनी पांढरी पिकअप घेतली होती. आसपासच्या वाड्यांतला भाजीपाला भरायचा आणि पहाटे वर्ध्याच्या बाजारात टाकायचा, हा त्याचा धंदा. चांगला हसतमुख गडी होता, माझ्या शेडीत यायचा. आजारपणाचं निमित्त झालं आणि गेला. धाकटा निलेश पुण्याला कंपनीत नोकरीला. गावच्या घरात राहिले दोघं, गुलाबराव आणि सुनीलची बायको वनिता. पिकअप अंगणात ताडपत्रीखाली उभी होती.

काही महिने गेले आणि वनिताचा फोन आला. मी गेलो. तिने ताडपत्री ओढून बाजूला केली आणि म्हणाली, "काका, गाडी चालू करून द्या. अन् मले शिकवून द्या."

"चालवणं शिकवाले मी काय मोटार स्कूल उघडलं काय व?"

"चालवता येते मले. यायनंच शिकवलं होतं. बिघडल्यावर कराचं काय, थे शिकवा."

मिस्त्री लोक सगळं करतात, पण गाडीवाल्याला शिकवत नाहीत. शिकवलं तर बोलावणार कोण? मीही आयुष्यात कुणा मालकाला नटाचं तोंड कोणत्या दिशेला ते सांगितलं नव्हतं. पण त्या बाईचा चेहरा असा होता की नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत उंदरानं कापूस आणून झकास गादी केलेली, आणि गादीत पिल्लं. मी म्हटलं, घे, हा तुझा पहिला धडा, भाडेकरू काढणं. ती हसली. तिला हसताना पाहून अंगणात बाजेवर बसलेले गुलाबरावही हसले. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं असावं, असं त्या दोघांच्या एकमेकांकडं पाहण्यावरून वाटलं.

वनिता भराभर शिकली. ऑइलची काडी पुसून बघणं, पट्टा अंगठ्यानं दाबून त्याचा ढिलेपणा ओळखणं, पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या बुडाचा नट सोडून खाली साचलेलं पाणी काढून टाकणं. पण एक गोष्ट तिने मला शिकवली. गाडी लावायच्या जागेवर ती संध्याकाळी शेणाचा सडा टाकायची आणि त्यावर गाडी आणून लावायची. सकाळी गाडी पुढं घेतली की सारवलेल्या जमिनीवर रात्रीचे थेंब जसेच्या तसे दिसत. काळा थेंब इंजिन ऑइलचा, पसरट आणि वासाचा डिझेलचा, चाकाच्या आतल्या बाजूला पडला तर ब्रेक ऑइलचा. मी इतकी वर्षं बॅटरी घेऊन गाडीखाली शिरत होतो आणि थेंब मातीत जिरून गेलेले असायचे. ही युक्ती मी आता सगळ्यांना सांगतो, वनिताचं नाव घेऊन सांगतो.

गुलाबरावांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "बैलाच्या गोठ्यात झाडझूड करतात तशी ढवळ्याच्या बी कराच लागते न," ते म्हणायचे. ढवळ्या म्हणजे ही पिकअप. शेवटची बैलजोडी विकली, त्यातल्या पांढऱ्याचं नाव ढवळ्या होतं. सुनीलने गाडी दारात आणली त्या दिवशीच म्हाताऱ्याने ते नाव तिला देऊन टाकलं.

या माणसाचं लक्षात राहणं हळूहळू सुटत चाललं होतं. जेवण झालं की नाही ते विसरायचं. मला चहा देताना "तुमी कोनाचे?" म्हणून विचारायचं. एकदा तर कासरा खांद्यावर टाकून शेताकडं निघाले, विकलेली जोडी आणायला. वनिता पाठोपाठ गेली, काही न बोलता बरोबर चालली, आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, थोडं बसवून परत घेऊन आली. पण हातपंपावर त्यांचा हात ठेवला की काही सांगावं लागत नसे. एअर काढताना पंप दाबायचं काम आम्ही त्यांच्याकडंच दिलं होतं. ते एका लयीत दाबत राहायचे. फसफस थांबली की वनिताच्या आधी त्यांनाच कळायचं. "आली," एवढंच म्हणायचे आणि हात पुसायचे. माझ्या शेडीत काम केलेल्या कित्येक गड्यांना एवढा धीर नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी पट्टा बदलायला गेलो होतो. आमच्याकडं त्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टा पडलेला असतो, तो तूप-हळदीनं मळायचा, पळसाच्या पानानं शेकायचा. मी हात धुवून पाहतो तर गुलाबराव कटोरी घेऊन पिकअपच्या मागच्या चाकापाशी बसलेले, आणि चाकावरच्या कमानीच्या पाट्यांना तूप-हळद चोळून राहिले आहेत.

मी म्हटलं, "मामा, खांद पुढं राह्यते. तुमी मांगं काऊन बसले?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बैलाच्या आंगावर ओझं कोठी बसते?"

"खांद्यावर."

"अन् याच्या?"

"पाट्यावर," मी म्हटलं.

"मंग?" असं म्हणून ते पुन्हा चोळू लागले. पाट्यांना तेलकट ठेवणं तसं वाईट नाही, धूळ बसते एवढंच. मी म्हटलं, चोळा. पोळ्याच्या दिवशी ढवळ्याला चालू करायचं नाही, हाही त्यांचा नियम होता. वनिता तो पाळायची आणि बाजाराचा एक दिवस सोडायची.

त्यानंतर गणपती बसले. महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे गौरींसाठी, निलेश बायकोला घेऊन पुण्याहून गावी आला. महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी वनिताचा फोन आला. गाडीत पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर भरलेली, आणि सेलूच्या अलीकडं गाडी ओढेनाशी झाली होती. "काका, ॲक्सिलेटर दाबलं तरी कोनी मांगून धरून ठेवल्यावानी वाटते. अन् जळका वास येऊन राह्यला."

मी पोचलो तेव्हा ती चाकांवर पाणी टाकत होती आणि पाणी चर्र करून उडत होतं. चारही चाकांचे ब्रेक लागलेले होते आणि सुटत नव्हते. रबर जळायची वेळ आली होती. माल दुसऱ्या गाडीत घालून बाजाराला धाडला, आणि चाकं निवून थोडी सुटली तेव्हा एका ट्रॅक्टरला टोचन करून ढवळ्याला हळूहळू घरी आणलं. वनिता वाटेत एकदाच बोलली. "सडा रोज पाह्यते मी, काका. एक थेंब नोता."

थेंब नव्हता, हे खरंच होतं. बाहेर काही गळलंच नव्हतं.

अंगणात बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची एक छोटी कटोरी असते. पायानं पेडल दाबलं की तिच्यातलं तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जातं आणि ब्रेक लावतं. पेडल सोडलं की मागं येतं. तेल कोंडून ठेवायला जागोजाग रबरी वायसर असतात. मी कटोरीचं झाकण उघडलं तर आतलं रबर फुगून झाकणाबाहेर आलेलं. बोट बुडवून नाकाशी नेलं. ब्रेक ऑइलचा वास असा नसतो. हा वास माझ्या आईच्या स्वयंपाकघरात असायचा. जवसाचं तेल.

ब्रेक ऑइलला तेल म्हणतात, पण ते खायच्या तेलाचं काहीच लागत नाही. दुसरं कुठलंही तेल त्यात पडलं की रबर फुगतं. फुगलेलं रबर आधी ब्रेक सोडत नाही, आणि पुढं कधी फाटलं तर ब्रेक लागतही नाही. ब्रेकचे लायनर झिजले की कटोरीतली पातळी आपोआप थोडी खाली जाते. कुणीतरी ती उणी दिसली म्हणून मायेनं भरली होती. कुणी, ते मला विचारावं लागलं नाही.

मी मान वर केली. निलेश समोर उभा होता. त्याच्या मागं दारात वनिता. बाजेवर गुलाबराव.

"काय झालं, काका?" निलेशने विचारलं.

मला कळलं होतं की माझ्या उत्तरावर त्या घराचं पुढचं ठरणार आहे. निलेश बापाला पुण्याला नेण्याचं बरेच दिवस म्हणत होता, हे वनिताने मला सांगितलं होतं. नळी जुनी झाली होती, असं म्हणून मी वेळ मारून नेऊ शकलो असतो. म्हाताऱ्याचं तोंड पाहून तसं म्हणावं, असं मनात येऊनही गेलं. पण त्या गाडीचं स्टिअरिंग उद्या वनिताच्या हातात असणार होतं. मी इतर बाबतीत कधीमधी थापा मारतो, ब्रेकच्या बाबतीत मारत नाही.

"ब्रेकात जवसाचं तेल गेलं," मी म्हटलं.

बाजेवरून आवाज आला.

"म्या टाकलं." गुलाबराव उठून आमच्याकडं येत होते. "साऱ्या अंगाची खांद शेकली. कटोरी उनी दिसली. तिले एकटीले कोरडी काऊन ठेवाची?" आणि मग आमचे चेहरे पाहून त्यांचा आवाज उतरला. "चुकलं काय माह्यं?"

निलेश बापावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याकडं वळून हळूच बोलू लागला. "काका, दादा गेला. आता वहिनीले काई झालं तं मी कोनाले तोंड दाखवू? आज जाम झाले. उद्या ब्रेक लागलेच नसते तं? आज हे, उद्या ग्यास चालू ठेवतीन. वहिनी पहाटे भाईर जाते. पाहाले कोन हाये घरी?" त्याचं बोलणं खोटं नव्हतं. "बाबाले मी पुण्याले नेतो. नाईतं गाडी इकून टाकू."

"गाडी इकून मी खाऊ काय, भाऊजी?" वनिता दारातूनच म्हणाली. "अन् मामाजी गेल्यावर या घरात मी बोलू कोनाशी?"

मी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि उगाच एक नट कसू लागलो.

गुलाबरावांनी निलेशच्या दंडाला हात लावला. "मले ने," ते म्हणाले. "ढवळ्या इकू नोको. थो पोरीचा हाये."

एवढं बोलून ते घरात गेले.

पुण्यात निलेशचं घर चौथ्या मजल्यावर. मागं एकदा गुलाबराव तिथं राहून आले होते. जिन्यात उतरून बैल शोधायचे, असं निलेशच्याच बायकोने मला सांगितलं होतं. ढवळ्याला दुरुस्त करणं माझ्या हातात होतं. बाकीचं माझ्या हातात नव्हतं, आणि त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा राग आला.

रबरांचा सगळा सेट लागणार होता. काही सेलूच्या दुकानात मिळाला, काही वर्ध्याला. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. आत दोघी जावा पुरणाच्या गडबडीत, आणि बाहेर अंगणात ढवळ्याची चारही चाकं काढलेली. एकेक वायसर बदलला, नळ्या धुवून काढल्या, नवं तेल भरलं. शेवटचं काम राहिलं, ब्रेकची एअर काढणं.

हे काम एकट्यानं होत नाही. एक माणूस केबिनमध्ये पेडलवर, दुसरा चाकाच्या मागं पाना घेऊन. चाकापाशी एक छोटी निप्पल असते, तिला नळी लावून टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. चाकापाशी बसलेला ओरडतो, "दाब!" केबिनमधला पेडल चारदा मारून दाबून धरतो आणि ओरडतो, "दाबलं!" मग निप्पल ढिली करायची, हवा बुडबुड करत बाटलीत निघते, निप्पल पुन्हा कसायची, आणि मगच ओरडायचं, "सोड!" निप्पल उघडी असताना पाय उचलला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं काम पहिल्यापासून. म्हणून वरच्याला खालचा दिसत नसला तरी त्याच्या शब्दावर थांबावं लागतं.

पेडलवर मी निलेशला बसवलं. पाना गुलाबरावांच्या हातात दिला. निलेशने खिडकीतून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "माह्ये गुडघे दुखून राह्यले रे." गुडघे दुखतच होते. पण तेवढ्यासाठी मी पाना दिला नव्हता. हे घर सोडायच्या आधी म्हाताऱ्याचा हात एकदा ढवळ्याला लागावा, एवढंच माझ्या मनात होतं. मी त्यांच्या शेजारी पाटावर बसलो.

"दाब!"

"दाबलं, बाबा!"

"सोड!"

"सोडलं!"

बापलेक दोन दिवसांत एवढं बोलले नसतील. एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. म्हाताऱ्याचा आवाज चढत गेला, जोडी हाकताना असेल तसा. चौथ्या चाकाला त्यांनी दाब म्हटलं, निलेशने दाबलं म्हटलं, निप्पल ढिली झाली, बुडबुडे आले आणि थांबले. आणि गुलाबरावांचा हातही थांबला.

त्यांनी हातातल्या पान्याकडं पाहिलं. मग चाकाकडं, मग माझ्याकडं. "मी इथं काऊन बसलो?" त्यांनी मला विचारलं. डोळ्यांत भीती होती.

निप्पल उघडी होती. वर केबिनमध्ये निलेशचा पाय पेडलवर होता. "सोडू काय, बाबा?" त्याने विचारलं. मी पाना घ्यायला हात पुढं केला, तर वनिताने मला खुणेनं थांबवलं. ती पिठाच्या हातानं कधी बाहेर आली होती, मला कळलं नाही. ती सासऱ्याच्या शेजारी उकिडवी बसली. काय झालं म्हणून विचारलं नाही, काय करायचं ते सांगितलं नाही. साध्या आवाजात म्हणाली, "मामाजी, बुडबुडे येऊन राह्यले काय पाहा न जरा. मले दिसत नाई."

गुलाबराव बाटलीवर वाकले. बराच वेळ पाहिलं.

"नाई येऊन राह्यले," ते म्हणाले. आणि त्यांच्या हातानं आपणहून निप्पल कसली. पाना काढून पायाशी ठेवला, मान वर केली आणि खणखणीत आवाज दिला.

"सोड रे, सुनील!"

वनिताने मान खाली घातली. मी केबिनकडं पाहिलं. दार उघडं होतं, आणि निलेश पेडलवर पाय तसाच रोवून बसला होता. त्याच्या बाजूच्या सीटवर एक कापडी पिशवी होती. दोन धोतरं, टॉवेल, औषधाच्या गोळ्या. म्हाताऱ्याने रात्री कधीतरी आपली आपण भरून ढवळ्याच्या केबिनमध्ये आणून ठेवली असणार. जेवलं की नाही हे ज्याच्या लक्षात राहत नव्हतं, त्याने पुण्याला जायचं लक्षात ठेवलं होतं. इतका वेळ पेडल दाबताना निलेश त्या पिशवीशेजारीच बसला होता.

"सोडलं, बाबा," निलेश म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी तेलकट हातानं पुसलं आणि त्यामुळं आणखी आलं.

निलेश पिशवी घेऊन खाली उतरला. वनिताला म्हणाला, "वहिनी, बॉनेटची किल्ली तुमच्यापाशी ठेवत जा. भाईर जासान तवा शेजारच्या काकूले दोन घडी येऊन बसाले सांगून ठेवतो मी. पाना बाबापाशी राहू द्या." मग तो पिशवी घेऊन घरात गेला, आणि बाहेरून आम्हाला दिसलं की त्याने ती बापाच्या खुंटीला अडकवली.

गुलाबराव उभे राहून ते पाहत होते. "अरे, पिशवी काऊन आत नेली? पुण्याची गाडी सुटन न."

निलेश बादली आणि साबण घेऊन बाहेर आला. त्याने बापाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांवरचं ब्रेक ऑइल चोळून चोळून धुवायला लागला.

"सुटू द्या बाबा," तो म्हणाला. "पुरण निवून राह्यलं. चाला, जेवाले बसू."